मोटर थांबत नाही, फ्लिपरला जोर नाही : १९७६ सालचे पिनबॉल घरी दुरुस्त करताना

प्रश्न थोडक्यात असा : शिकागोच्या एका उपनगरातल्या कुटुंबाने जुन्या सामानाच्या विक्रीत गॉटलीब कंपनीचे १९७६ सालचे 'रॉयल फ्लश' हे पिनबॉल यंत्र घेतले. ते वीस वर्षे तळघरात पडून होते. वीज दिली की दिवे लागतात. सुरू करायचे बटण दाबले की आतली मोटर घरघरत राहते, गुणांच्या चकत्या खडखडतात, पण खेळ सुरू होत नाही. डाव्या फ्लिपरला (कडेच्या बटणाने हलणाऱ्या पट्टीला) चेंडू वर ढकलायचा जोर नाही. हे घरी जमेल का, आणि हात कुठून घालायचा?

जमेल. या यंत्रात एकही चिप नाही. पिनबॉलमध्ये इलेक्ट्रॉनिक पाट्या सर्रास यायला लागल्या त्या १९७७ नंतर. तुमच्या यंत्राचा सगळा हिशेब रिले (विजेने ओढला जाऊन स्विच हलवणारे खटके), स्टेपर (एकेक पायरी सरकत मोजणारी युनिटे), गुणांच्या चकत्या, एक मोटर आणि लवचीक धातूच्या पात्यांचे काही शे स्विच मिळून करतात, आणि यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसते. एड क्रिन्स्कीने रचलेले आणि गॉर्डन मॉरिसनने रंगवलेले हे यंत्र फार जपून ठेवण्यासारखे आहे. गॉटलीबचा कारखाना शिकागोजवळच्या नॉर्थलेकला होता, म्हणजे यंत्र माहेरापासून फारसे लांब गेलेलेच नाही.

पडून राहिलेल्या यंत्रात जळालेले भाग थोडे असतात; मळलेले, चिकटलेले आणि कुणीतरी वाकवून ठेवलेले पुष्कळ. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याच संध्याकाळी होते, कारण उत्साहाच्या भरात दिसेल तो स्विच पक्कडीने वाकवला जातो. एक बिघाड होता तिथे सहा होतात, आणि त्यातले पाच कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसते. म्हणून दोष नक्की कुठे आहे हे कळल्याशिवाय एकही पाती वाकवायची नाही. पुढचे सगळे याच शिस्तीने करायचे आहे.

उघडण्याआधी

प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बटणाच्या अलीकडच्या तारांत ११५ व्होल्ट असतातच. पुढचे दार उघडून आतला खटका ओढला की पुढची धातूची पट्टी निघते आणि वरची काच आपल्याकडे सरकवून बाहेर घेता येते. ही काच टेम्पर्ड असते. तिचा कोपरा सिमेंटच्या जमिनीवर टेकला तरी क्षणात चुरा होतो, तेव्हा ती सतरंजीवर उभी ठेवा. खेळाचा पाट उचलण्याआधी चेंडू बाहेर काढा. मागच्या पेटीवरची रंगीत काचही आधी काढून सुरक्षित जागी उभी ठेवा; तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

मग फोटो काढा. प्रत्येक युनिटचे, प्रत्येक प्लगचे, दोन-तीन बाजूंनी. तारांवरच्या कापडाचे रंग इतक्या वर्षांत विटलेले असतात. आज पिवळी वाटणारी तार मूळची पांढरी असू शकते.

विजेची आकृती पेटीच्या आत घडी घालून ठेवलेली असायची. ती नसेल तर विकत घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या 'पिनबॉल रिसोर्स'कडे गॉटलीबची छापील आकृती आणि बहुतेक सुटे भाग मिळतात. आकृतीवाचून काम करणे म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणे. तिच्यावर एक टीप असते : दाखवलेले स्विच यंत्राच्या कोणत्या स्थितीत काढले आहेत. ती टीप आधी वाचा, नाहीतर उघडा स्विच मिटलेला आहे असे समजून दोन रविवार फुकट जातात.

वीज

जुनी दोन पिनांची वायर काढून टाका. तिथे तीन पदरी, १८ गेजची वायर बसवा. काळी तार फ्यूजमधून बटणाकडे, पांढरी सरळ ट्रान्सफॉर्मरकडे, आणि हिरवी ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी व तिथून पुढच्या दाराला, कडेच्या पट्ट्यांना आणि इतर उघड्या धातूला. वीज येते त्या बाजूला फ्यूजच नसेल तर ३ अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणभराच्या झटक्याने न उडणारा) फ्यूज घाला. बाकीचे फ्यूज त्यांच्याजवळच्या कागदावर लिहिलेल्या आकड्याचेच हवेत. आधीच्या मालकाने मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळून ठेवलेला सापडणे नवीन नाही, म्हणून प्रत्येक फ्यूज बाहेर काढून त्याच्या टोपीवरचा आकडा वाचा. काळे पडलेले, सैल झालेले फ्यूजचे चिमटे स्वतःच तापतात. दिवे मंद होण्याचे ते नेहमीचे कारण आहे. असे चिमटे घासत बसू नका, बदला.

ट्रान्सफॉर्मरनंतर दोन वेगळ्या विजा असतात : दिव्यांसाठी सुमारे ६ व्होल्ट आणि कॉइलसाठी (वीज मिळाली की दांडा आत ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांसाठी) सुमारे २५ व्होल्ट एसी. दोन्ही मल्टिमीटरने मोजून घ्या. ट्रान्सफॉर्मरवर जास्त व्होल्टचा एक टॅप, म्हणजे तार जोडायची वेगळी जागा, असते. फ्लिपर अशक्त वाटला की लोक तार तिकडे हलवतात. तसे करू नका. अशक्तपणाचे कारण मळ असेल तर जास्त व्होल्टने तो जात नाही, फक्त कॉइल तापतात.

कुणी असे यंत्र पुण्या-मुंबईत आणले तर २३०चे ११५ व्होल्ट करणारा किमान ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि ५० हर्ट्झवर मोटर थोडी हळू फिरेल. ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो. म्हणून निर्यातीच्या यंत्रात असतो तसा ५० हर्ट्झचा टॅप आहे का ते आधी बघावे.

मागची पेटी, पाट आणि खालची फळी यांना जोडणारे चपट्या पिनांचे तपकिरी प्लग म्हणजे जोन्स प्लग. एकेक काढा, पिना हिरव्या स्कॉच-ब्राइटने चमकेपर्यंत पुसा, परत बसवा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि कधीकधी निम्मा आजार इथेच बरा होतो. स्टील वूल मात्र घरात असेल तरी या खोलीत आणू नका. त्याचे केसाएवढे तुकडे कॉन्टॅक्टमध्ये शिरून शॉर्ट करतात.

मोटर का थांबत नाही

तुमच्या तक्रारीचा गाभा इथे आहे. आधी एक गोष्ट नक्की करा : मोटर वीज देताच फिरते, की सुरू करायचे बटण दाबल्यावर? दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

वीज देताच फिरत असेल, तर कुठलातरी रिले ओढलेला राहिला आहे किंवा मोटरवरचा 'घरी परत' आणणारा स्विच बिघडला आहे. मोटर चालू असताना रिलेंकडे बघा, हात लावू नका. ज्याची पट्टी खाली ओढलेली आहे त्यावरचे अक्षर वाचा. गॉटलीबमध्ये रिले अक्षरांनी ओळखतात. आकृतीत ते अक्षर शोधले की त्याला वीज देणाऱ्या स्विचांची छोटी यादी हाती येते. बहुधा पाटावरच्या एखाद्या लक्ष्यामागचा स्विच चिकटून मिटलेला सापडतो. जुन्या रबराने पाती रेटल्यानेही असे होते.

बटण दाबल्यावर फिरत राहते असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे यंत्र गुण शून्यावर आणू बघते आहे आणि ते जमत नाही. हे काम कसे चालते ते समजून घेतले की दोष शोधणे सोपे जाते. मोटरवरच्या कॅम चकत्या स्विच उघड-मिट करून ठरावीक ठोके देतात. प्रत्येक ठोक्याला गुणांची चकती एक आकडा पुढे सरकते. प्रत्येक चकतीवर शून्याचा स्विच असतो. ० समोर आला की तो आपली स्थिती बदलतो, त्या चकतीला ठोके मिळणे थांबते, आणि सगळ्या चकत्या शून्यावर आल्या की मोटरला सुटी मिळते. चार खेळाडूंच्या यंत्रात चकत्या पुष्कळ. त्यातली एक जरी 'मी शून्यावर नाही' म्हणत राहिली तरी मोटर फिरतच राहणार.

आता प्रयोग. प्लग काढा. प्रत्येक चकतीचा दांडा बोटाने दाबून तिला ०वर आणा. वीज द्या आणि खेळ सुरू करा. आता सुरू झाला तर गुन्हेगार चकत्यांतच आहे. एकही चकती जागची हलली नाही आणि तरी मोटर फिरते आहे, तर एखाद्या चकतीचा शून्याचा स्विच मळलेला आहे, किंवा दोष बॉल मोजणाऱ्या अथवा खेळाडू मोजणाऱ्या स्टेपरच्या शून्याच्या स्विचमध्ये आहे. हा स्टेपर लोक हमखास विसरतात.

चकत्यांमध्ये तीन तऱ्हा दिसतात. एक चकती जागच्या जागी थरथरते पण पुढे जात नाही : कॉइल ओढते आहे, पण दांडा मळाने पूर्ण आत जात नाही, किंवा कुत्र्याची स्प्रिंग थकली आहे ('कुत्रा' म्हणजे दात्यात अडकणारा खटका). दुसरी चकती शून्यावरून बिनदिक्कत पुढे जाते : शून्याचा स्विच उघडत नाही. तिसरी मुळीच हलत नाही : कॉइलच्या कडीवर झाळलेली तार तुटलेली असते. केसासारखी बारीक तार वार्निशच्या खाली तुटलेली असली तर डोळ्यांना दिसत नाही, मीटर लावावा लागतो.

दोषी एकच निघाली तरी सगळ्या चकत्या खोलून साफ करा, कारण सगळ्यांचे वय एकच आहे. एका वेळी एकच खोला, शेजारची नमुन्याला ठेवा. दांडा आणि कॉइलमधली नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा. इथे तेल-ग्रीस अजिबात नको. कॉइलमध्ये ये-जा करणारा कुठलाही दांडा कोरडाच चालतो. घातलेले वंगण धूळ पकडून वर्षभरात गोंद होते. आकड्यांच्या रंगाला अल्कोहोल लागू देऊ नका, आकडे पुसले जातात. त्यांना फक्त कोरडे मऊ फडके.

स्टेपर

बेकेलाइटच्या चकतीवर रिव्हेट आणि त्यांवरून फिरणारी पितळी बोटे, असे हे युनिट असते. कारखान्यात लावलेले ग्रीस आता मेणासारखे घट्ट झालेले असते. हाताने वरचा दांडा दाबून एकेक पायरी चढवा, मग परतीचा दांडा दाबा. पूर्ण चढवल्यावर ते झटकन परत येईल. खरी परीक्षा एकच पायरी चढवून परत येते का याची, कारण तिथे परतीच्या स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी असतो. तिथे अडखळले की लगेच स्प्रिंग घट्ट करायला जाऊ नका. स्प्रिंग आवळली तर चढायचे कॉइल दमते. आधी साफ करा.

खोलण्याआधी बोटे कोणत्या रिव्हेटवर आहेत त्याचा फोटो घ्या आणि पेन्सिलीने खूण करा. रिव्हेट आणि बोटे स्कॉच-ब्राइटने घासा, अल्कोहोलने पुसा. आसावर सुपरल्यूबसारख्या टेफ्लॉन ग्रीसचा तांदळाच्या दाण्याएवढा थेंब पुरे. जोडताना बोट रिव्हेटच्या बरोबर मध्यावर यायला हवे. कडेवर बसले तर एकाच वेळी दोन रिव्हेटना स्पर्श होतो आणि यंत्र दोन खेळाडूंना एकदम गुण देऊ लागते. डब्ल्यूडी-४० कुठेही फवारू नका. ते वंगण म्हणून टिकत नाही, मागे थर राहतो, आणि इथे कॉन्टॅक्टवर सतत ठिणग्या पडत असतात.

स्विच

पातीचा स्विच नीट लावण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम पात्यांच्या चळतीचे स्क्रू आवळा. पात्यांमधल्या फायबरच्या पट्ट्या वाळून आक्रसतात, चळत सैल होते आणि सगळी अंतरे बदलतात. कितीतरी स्विच एवढ्यानेच बरे होतात. मग कॉन्टॅक्ट साफ करा : बहुतेक कॉन्टॅक्ट चांदीचे असतात, त्यांना फ्लेक्सस्टोन (कॉन्टॅक्ट घासायची पातळ, खरखरीत पट्टी) किंवा बारीक, चपटी कानस दोन-तीनदा फिरवा आणि शेवटी कोरा जाड कागद ओढून काजळी पुसा. पॉलिशपेपर नको, त्याचे कण चांदीत रुततात. इतके करूनही जमले नाही तरच वाकवायचे, तेही पातीच्या मुळाशी, वाकवायच्या खाचेच्या अवजाराने. टोकाला वाकवले तर कॉन्टॅक्ट तिरके मिटतात. उघड्या स्विचमध्ये साधारण दीड मिलिमीटर फट हवी, आणि मिटल्यावर दुसरी पाती किंचित मागे रेटली गेली पाहिजे. त्या रेटण्यात कॉन्टॅक्ट एकमेकांवर घासतात आणि स्वतःला साफ ठेवतात. नुसते टेकणारे स्विच महिन्याभरात पुन्हा दगा देतात.

डावा फ्लिपर

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात : जाड तारेचा जोराचा आणि बारीक तारेचा धरून ठेवण्याचा. फ्लिपर खाली असताना टोकाचा स्विच (फ्लिपर पूर्ण वर गेला की उघडणारा) मिटलेला असतो आणि बारीक वेढ्याला वगळतो, त्यामुळे सगळी वीज जाड वेढ्यातून जोराने जाते. फ्लिपर वर पोचताच तो स्विच उघडतो, दोन्ही वेढे एकामागे एक येतात आणि थोड्या विजेत फ्लिपर वर टिकतो. आता लक्षणे वाचता येतील. फ्लिपर कायम अशक्त असेल तर टोकाचा स्विच मळलेला आहे. वर जाऊन लगेच पडतो, पुन्हा उठतो, असा फडफडत असेल तर बारीक वेढा तुटला आहे. जोर ठीक पण बटण धरून ठेवल्यावर जळका वास येत असेल तर स्विच उघडतच नाही. लगेच थांबा, कॉइल काही सेकंदांत खलास होते.

या टोकाच्या स्विचचे आणि कडेच्या बटणामागच्या स्विचचे कॉन्टॅक्ट टंगस्टनचे असतात. त्यांना फ्लेक्सस्टोन पुरत नाही, लोखंडी कानसच लागते. राखाडी खड्डे जाऊन दोन्ही तोंडे सपाट होईपर्यंत घासा. फ्लिपर पूर्ण वर असताना फट सुमारे ३ मिलिमीटर ठेवा.

एवढ्यानेही जोर आला नाही तर यांत्रिक बाजू बघा. दांड्याचे टोक आपटून आपटून फुगते, तेव्हा ते कानशीने सारखे करा. कॉइलमधली नायलॉनची नळी बदला. ती स्वस्त असते. जुनी नळी बाहेरच येत नसेल तर कॉइल कधीतरी तापून आकसली आहे. असली कॉइल आज चालली तरी नवीच घाला. फ्लिपरचा आस ज्या बुशमधून जातो ते झिजले की फ्लिपर पाटाला घासतो, आणि दांड्याला जोडणारी फायबरची पट्टी सैल झाली की निम्मा जोर त्या सैलपणातच जिरतो. काम करायचे तर डावा-उजवा दोन्ही एकदम करा, नाहीतर दोन हातांना दोन वेगळे खेळ लागतील.

दिवे आणि मागची काच

दिवे ४४ नंबरचे असतील तर काढून ४७ नंबरचे लावा. व्होल्ट तेच, पण ४४ पाव अँपिअर ओढतो आणि ४७ फक्त ०.१५. साठ दिवे धरले तर १५ अँपिअरचे ९ होतात. ट्रान्सफॉर्मर आणि चिमटे थंड राहतात, आणि मुख्य म्हणजे काचेवरचा रंग वाचतो. स्वस्त एलईडी या एसीवर लुकलुकतात. त्या वेळच्या चित्रावर तो निळसर उजेड शोभतही नाही.

रंग काचेच्या आतल्या बाजूला छापलेला असतो आणि उष्णतेने पापुद्रे धरतो. त्या बाजूला पाणी, काच पुसायचा फवारा, अगदी ओले बोटसुद्धा लावू नका. रंग सुटत असेल तर आधी त्याला धरून ठेवा : काच रंगीत बाजू वर करून आडवी ठेवा, मऊ ब्रशने धूळ उडवा, आणि क्रायलॉनच्या ट्रिपल थिक या पारदर्शक फवाऱ्याचे हलके थर द्या. आधी कोपऱ्यात, आकड्यांच्या खिडकीमागे झाकला जाणारा भाग निवडून करून बघा. पडलेला रंग भरण्याची घाई करू नका. हौशी हाताने भरलेला चेहरा मूळ खपलीपेक्षा वाईट दिसतो, आणि तो पुन्हा काढता येत नाही.

पाट

रबरे सगळी काढून टाका. कडक झालेल्या रबरावरून चेंडू उसळत नाही. मापे आतल्या व्यासाने सांगतात, म्हणून कुठल्या खांबावर कोणते होते ते लिहून ठेवा. पाट मेपलच्या प्लायचा, त्यावर रंग, त्यावर लॅकर. पाणी वापरले तर लाकूड फुगून रंगाला रेषारेषांनी भेगा पडतात. नोव्हस २ या पॉलिशने हलक्या हाताने पुसा. काळे पट्टे तरीही राहिले तर मेलामाइनचा स्पंज अल्कोहोलमध्ये बुडवून, छोट्या भागावर, मोजके फेरे. तो स्पंज म्हणजे बारीक पॉलिशपेपरच आहे, लॅकर खातो. फडक्यावर रंग दिसला की थांबा. जिथे लाकूड उघडे पडले आहे तिथे आधी पातळ क्लिअर, मग जुळवलेला अ‍ॅक्रिलिक रंग, मग पुन्हा क्लिअर. शेवटी कार्नौबा मेणाचे दोन हात.

चेंडू नवा घ्या : बरोबर १ १/१६ इंच, म्हणजे सुमारे २७ मिलिमीटर, वजन ८० ग्रॅमच्या आसपास. जुन्या चेंडूवरचे गंजाचे सूक्ष्म खड्डे मेहनतीने साफ केलेल्या पाटावर कानशीसारखे फिरतात.

चारही पायांचे स्क्रू फिरवून आडवी पातळी साधा आणि पाटाला साधारण साडेतीन अंशांचा उतार द्या. उतार पेटीवर न मोजता पाटावर मोजा. मग टिल्टचा लोलक (यंत्र जोरात हलवले की खेळ थांबवणारा) त्याच्या कड्याच्या मध्यावर आणा. पायांची उंची बदलली की तो सरकतो, म्हणून हे काम सर्वांत शेवटी. पंचवीस-तीस खेळ झाल्यावर पाट पुन्हा उचला, फ्लिपरचे टोकाचे स्विच आणि चळतींचे स्क्रू परत तपासा, आणि पाटाखाली पडलेला एखादा स्क्रू किंवा वॉशर दिसला तर तो कुठून सुटला ते शोधल्याशिवाय वीज देऊ नका.